पबमध्ये वाढदिवसाचं जेवण ठरवताय? ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

पब म्हणजे दारूचा गुत्ता, असा समज घेऊन आपली बरीच मंडळी ब्रिटनमध्ये उतरतात. मग एखाद्या रविवारी दुपारी त्याच पबमध्ये आजी, नातवंडं आणि टेबलाखाली झोपलेला कुत्रा असं अख्खं कुटुंब जेवताना दिसतं. ऑफिसातले लोक, कोर्समधले मित्र आणि आपली मराठी मंडळी एकत्र बोलावून वाढदिवस करायचा असेल, तर पबइतकी सोयीची जागा नाही. घर भाड्याचं आणि लहान, भिंती पातळ. चांगल्या रेस्टॉरंटमध्ये माणशी खर्च चढा. पबमध्ये कोणी पाइंट (बिअरचा मोठा ग्लास) घेतो, कोणी लाइम-सोडा, कोणी नुसते चिप्स (इथे त्याचा अर्थ फ्रेंच फ्राइज) खाऊन निघतो, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही.

अडचण येते ती आपल्या यजमानपणाची. ते चालतं टेबलावर: "अजून घे की", ऐनवेळी दोन खुर्च्या वाढवणं, शेवटी बिलावरून झटापट. पबमध्ये यातलं जवळजवळ काहीच करता येत नाही. इथे यजमानाचं काम आधीचे दोन-तीन आठवडे चालतं आणि प्रत्यक्ष त्या संध्याकाळी त्याने निवांत बसायचं असतं. म्हणून या लेखातला निम्म्याहून जास्त भाग वाढदिवसाच्या आधीचाच आहे.

१. वार आणि पब

शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी पब भरलेले असतात, आवाजही फार. दहा-बारा जणांसाठी बुधवार किंवा गुरुवार बरा. फक्त त्या दिवशी क्विझ नाही ना, हे विचारून घ्या. क्विझ सुरू झाली की माइकवरून प्रश्न येत राहतात आणि तुमच्या टेबलावरच्या गप्पा संपतात. मोठी फुटबॉल मॅच असेल तर तीच गत. रविवारी दुपारी रोस्टसाठी (भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या आणि ग्रेव्ही) गर्दी असते आणि बऱ्याच ठिकाणी किचन संध्याकाळी लवकर बंद होतं. डिसेंबरमध्ये ऑफिसांच्या ख्रिसमस पार्ट्या असतात, त्यासाठी निदान महिनाभर आधी हालचाल करा. आणि इथला मदर्स डे मे महिन्यात नसतो, साधारण मार्चमधल्या एका रविवारी येतो. त्या दिवशी मोठं टेबल मिळण्याची आशा सोडा.

मंडळींत उपास करणारे असतील तर एकदा कॅलेंडर बघा. उन्हाळ्यात इथे संकष्टीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो आणि पबचं किचन बहुतेक ठिकाणी नऊच्या सुमारास बंद होतं. बार त्यानंतरही चालू असतो, पण खायला मिळालीच तर बटाट्याच्या कुरकुरीत चकत्यांची पाकिटं.

पब कुठला? खिसा हलका असेल तर वेदरस्पून ही पबची साखळी: किमती कमी, अॅपवर टेबल नंबर टाकून जागेवरून ऑर्डर देता येते, आणि बहुतेक शाखांत गाणी लावत नाहीत, त्यामुळे बोलता येतं. (तिथले गालिचे बघा. प्रत्येक शाखेचं डिझाइन वेगळं असतं.) अशाच दुसऱ्या साखळ्यांपैकी हार्वेस्टरमध्ये जेवणाबरोबर सॅलड बार असतो, टोबी कार्व्हरीमध्ये कापून वाढलेला रोस्ट आणि भाज्या हव्या तितक्या वाढून घ्यायच्या. माझं मत विचाराल तर घराजवळचा, मागे एखादी वेगळी खोली असलेला पब सगळ्यांत चांगला. थोडा महाग पडेल, पण फोनवर खरा माणूस भेटतो आणि तुमची अडचण ऐकून घेतो.

२. निमंत्रण: पैशांचं पहिल्याच मेसेजमध्ये लिहा

आपल्याकडे ज्याचा वाढदिवस, त्याने पार्टी द्यायची. इथे साधारण उलटं असतं: प्रत्येकजण आपापलं भरतो आणि बाकीचे मिळून वाढदिवस असणाऱ्याचं जेवण वाटून घेतात. टेबलावर दोन्ही प्रकारचे लोक असले की घोळ होतो. नुकताच पुण्याहून आलेला मित्र पाकीट न आणता येतो आणि ब्रिटिश सहकारी तुम्ही कार्ड काढलंत की कानकोंडा होतो. यावर उपाय मेसेजमध्येच करायचा. उदाहरणार्थ असा:

"गुरुवारी संध्याकाळी ७ वाजता माझ्या वाढदिवसाचं जेवण आहे. जेवण आणि ड्रिंक्स ज्याचं त्याने, केक माझ्याकडून. सोबत मेनू पाठवतोय. येत्या रविवारपर्यंत येणार की नाही आणि काय खाणार ते कळवा. त्यानंतर नावं वाढवता येणार नाहीत."

सगळा खर्च स्वतः करायचा असेल तर तेही स्पष्ट लिहा. किंवा मधला मार्ग: जेवण आपापलं आणि पहिलं ड्रिंक तुमच्याकडून. हा मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात पार्टी दिल्याचं समाधान मिळतं आणि महिन्याचं भाडंही भरता येतं.

"बघतो", "जमलं तर येतो" या उत्तरांना इथे काही अर्थ नाही. पबला आकडा द्यायचा असतो. रविवार उलटला की अशा मित्राला सरळ फोन करा: "हो की नाही सांग रे, टेबल मोजून मिळतंय." सोबत कोणी बायको-मुलांना, पाहुण्यांना आणणार असेल तर तेही मोजा. खुर्च्या मागून सरकवून घेऊ, हा विचार बाजूला ठेवा. मोठ्या पबमध्येही शेजारचं टेबल दुसऱ्या कोणासाठी राखलेलं असतं.

३. बुकिंग

सहा-आठ जणांपर्यंत वेबसाइटवर बुकिंग होतं. त्यापुढे फोन किंवा ईमेल. दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सहानंतर फोन करू नका, ते कामात असतात. साडेतीनच्या सुमाराला केलात तर नीट बोलतात. एवढं विचारून घ्या: डिपॉझिट किती आणि ते बिलातून कसं वळतं होणार, आधीच पदार्थ कळवावे लागतात का आणि कधीपर्यंत, टेबल किती वेळ आपलं, कारण दीड-दोन तासांची मर्यादा असू शकते, केक आणला तर चालेल का, सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो का, आणि मुलं असतील तर त्यांना किती वाजेपर्यंत बसू देतात. बऱ्याच पबमध्ये रात्री आठ-नऊनंतर मुलांना बसू देत नाहीत.

फोनवर सगळं ठरलं तरी एक ओळीचा ईमेल मागून घ्या. फोन घेणारा विद्यार्थी त्या संध्याकाळी ड्यूटीवर असेलच असं नाही.

वेळेचंही आताच सांगून ठेवतो. सात म्हणजे सात. पंधरा-वीस मिनिटं टेबल धरून ठेवतात, मग देऊन टाकतात. आपल्या लोकांना पावणेसात सांगा.

४. मेनू: इथेच खरा वेळ द्या

प्रत्येकाची स्वतंत्र प्लेट येते. चार भाज्या मागवून मध्ये ठेवू, ही पद्धत इथल्या पदार्थांना लागू होत नाही. वाटून खायचंच असेल तर सुरुवातीला नाचोज, लसणाचा ब्रेड, कांद्याच्या रिंग्ज असं दोन-तीन प्लेट मध्ये घ्या. मेन कोर्सच्या प्लेट मोठ्या असतात. स्टार्टर आणि मेन दोन्ही संपवणारे कमीच.

शाकाहारी मंडळींसाठी मेनूवर "व्ही" अशी खूण असते आणि व्हीगन (दूध, अंडंही नसलेल्या) पदार्थांना बहुधा "व्हीई" किंवा "व्हीजी". यातली मुख्य गोष्ट अशी की इथल्या "व्ही"मध्ये अंडं बसतं. अंडं न खाणाऱ्यांसाठी व्हीगन पदार्थ हाच खात्रीचा रस्ता. शिवाय जे दिसायला शाकाहारी वाटतं, पण असेलच असं नाही, त्याची एक यादी डोक्यात ठेवा:

ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रसाची असते, शाकाहारी ग्रेव्ही वेगळी मागावी लागते. रोस्ट बटाटे बीफ किंवा बदकाच्या चरबीत भाजलेले असू शकतात. यॉर्कशर पुडिंग गोड नसतं आणि त्यात अंडं असतंच. चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळतात का, हे विचारा. उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशरकडे, तळणीला बीफची चरबी वापरणारी ठिकाणं अजून आहेत. पारंपरिक पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध साकळवणाऱ्या पदार्थाने) बनतं. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. मार्शमेलो आणि जेलीत जिलेटिन. अगदी काटेकोर असाल तर पिंपातली पारंपरिक एल बिअरसुद्धा बऱ्याचदा माशाच्या वाताशयापासून काढलेल्या पदार्थाने नितळ केलेली असते.

बीफ किंवा पोर्क न खाणाऱ्यांसाठी: कॉटेज पाय (इथे 'पाय' म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) म्हणजे बीफ, शेफर्ड्स पाय म्हणजे लॅम्ब. लझान्या आणि चिली कॉन कार्नेत बहुतेक वेळा बीफ. "बँगर्स अँड मॅश"मधले सॉसेज सहसा पोर्कचे. गॅमन हे पोर्क. स्कॉच एगमध्ये अंड्याभोवती पोर्कचा खिमा. ब्लॅक पुडिंगमध्ये डुकराचं रक्त.

मग खायचं काय? मांसाहारी असाल तर फिश अँड चिप्स किंवा चिकन आणि मश्रूमचा पाय. शाकाहारी असाल तर हलूमी (पनीरसारखं चीज) बर्गर, मॅकरोनी चीज, जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा), रविवारी नट रोस्ट (सुक्यामेव्याचा रोस्ट). पबमधली चिकन टिक्का मसाला मुद्दाम मागवू नका. वाईट असते असं नाही. पण आपण घरी याहून बरी करतो आणि मग जेवण संपेपर्यंत टेबलावर दुसरा विषय निघत नाही. सगळं मिळमिळीत लागलं तर कोपऱ्यातल्या स्टँडवर, जिथे नॅपकिनमध्ये गुंडाळलेले काटे-चमचे असतात, तिथे केचप, ब्राऊन सॉस, माल्ट व्हिनेगर आणि इंग्लिश मस्टर्ड ठेवलेलं असतं. मस्टर्ड बोटाच्या टोकाएवढंच घ्या. ते जिभेला नाही, थेट नाकाला झोंबतं.

अॅलर्जीची बाब इथे फार गांभीर्याने घेतात. १४ ठरावीक घटकांची माहिती ग्राहकाला देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी, गहू हे तर आहेतच, पण मोहरीसुद्धा आहे. म्हणजे आपली रोजची फोडणी इथल्या यादीत येते. नावडतं म्हणून "अॅलर्जी आहे" असं मात्र सांगू नका. त्या एका शब्दावर किचन वेगळी भांडी काढतं, मॅनेजर येऊन चौकशी करतो, आणि तुमचं ताट सगळ्यांत शेवटी येतं. "मी खात नाही" एवढं सांगितलं तरी पुरतं.

सगळ्यांची उत्तरं आली की एक तक्ता करा: नाव, पदार्थ, बदल. तो पबला पाठवा आणि तुमच्या फोनमध्येही ठेवा. आपण काय मागवलं होतं हे दहा दिवसांनी निम्म्या लोकांना आठवत नाही, आणि एका प्लेटवर दोघं हात ठेवतात.

५. केक

आधी विचारलं असेल तर बहुतेक पब केक आणू देतात. काही ठिकाणी प्लेट-सुरीचे थोडे पैसे लावतात. अंड्याविना केक हवा असेल तर केक बॉक्स या साखळीचे सगळे केक तसेच असतात. लेस्टर, वेम्ब्लीसारख्या भागांत आपल्या लोकांच्या बेकऱ्याही आहेत. ऑफिसातले लोक जास्त असतील तर सुपरमार्केटमधला सुरवंटाच्या आकाराचा चॉकलेट केक न्या. मार्क्स अँड स्पेन्सरचा कॉलिन हा त्यातला मूळ. आल्डी या दुसऱ्या सुपरमार्केटने तसाच दिसणारा कथबर्ट काढला म्हणून २०२१ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सर कोर्टात गेली होती आणि नंतर समझोता झाला. हा विषय काढलात तर ब्रिटिश मंडळी अर्धा तास आपोआप बोलतात.

मेणबत्त्या आणि लायटर स्वतः न्या. फुलबाजीसारख्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या आणि कॉन्फेटी नको. वर धुराची घंटी आहे आणि खाली गालिचा. तोंडाला केक फासणं तर अजिबात नको. ज्यांच्याबरोबर सोमवारी मीटिंग आहे, त्यांना त्यातली गंमत कळत नाही, आणि साफसफाई पबच्या माणसाला करावी लागते. औक्षण घरून निघतानाच उरका. गाणं एकदाच म्हणायचं. शेजारच्या टेबलावरचे अनोळखी लोकही सुरात सूर मिसळतात, त्यांना हसून हात दाखवा.

६. त्या संध्याकाळी: बारवर

पोचल्यावर बुकिंगचं नाव सांगा, टेबल बघून घ्या, त्यावर लिहिलेला नंबर लक्षात ठेवा. टेबलावर ऑर्डर घ्यायला कोणी येणार की बारवर जायचं, हे तिथेच विचारा. बारवर जायचं असेल तर कितीही वेळ बसून राहिलात तरी कोणी येणार नाही.

बारवर रांग दिसत नाही, पण कोण कोणाआधी आलं हे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चुटकी वाजवायची नाही, नोट हलवायची नाही. नजरानजर झाली की पुरे. "हू इज नेक्स्ट?" असं विचारलं आणि शेजारचा तुमच्या आधीचा असेल, तर त्याच्याकडे हात करा. पुढच्या वेळी तो तुमच्याकडे करेल. ऑर्डर एका दमात सांगा आणि त्यात गिनीस असेल तर ती सगळ्यांत आधी. ती दोन टप्प्यांत ओततात आणि मध्ये थांबावं लागतं. शेवटी सांगितलीत तर मागचे लोक उसासे टाकतात.

मापं वेगळी आहेत. पाइंट म्हणजे ५६८ मिली, हवा तर "हाफ" मागा. व्हिस्की, रम वगैरेचा सिंगल २५ किंवा ३५ मिली, म्हणजे २५ चा सिंगल आपल्या स्मॉल पेगपेक्षा थोडा कमीच. वाइनचा ग्लास १२५, १७५ किंवा २५० मिली. काही न सांगता "लार्ज" म्हणालात तर बाटलीचा एक तृतीयांश हातात येतो. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस नव्हे, त्यात अल्कोहोल असतं आणि बऱ्याचदा बिअरपेक्षा जास्त. जिंजर बिअरमध्ये बहुधा नसतं. लेमोनेड म्हणजे लिंबाचं सरबत नाही, पारदर्शक सोडा असतो. न पिणाऱ्यांसाठी लाइम-सोडा सगळ्यांत स्वस्त, आणि अल्कोहोल नसलेल्या बिअर आता बहुतेक ठिकाणी मिळतात. साधं पाणी हवं तर "टॅप वॉटर" म्हणा, ते फुकट द्यावंच लागतं. नुसतं "वॉटर" म्हटलं की बाटली फोडून देतात.

दारू विकत घ्यायला १८ वर्षं पूर्ण हवीत, पण पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतात. आधार कार्डाचा उपयोग नाही. पासपोर्ट चालतो, पण तो पबमध्ये घेऊन फिरणं शहाणपणाचं नाही. इथे राहणाऱ्यांनी प्रोव्हिजनल (शिकाऊ) ड्रायव्हिंग लायसन्स काढून ठेवावं. गाडी चालवायची नसली तरी ओळखपत्र म्हणून रोज कामाला येतं.

राउंडचं गणित एवढंच: कोणाचं ड्रिंक स्वीकारलंत की पुढच्या एखाद्या वेळी सगळ्यांचं आणायची पाळी तुमची. बारा जणांचा एक राउंड कोणालाच परवडत नाही, म्हणून तिघा-चौघांचे गट करा. "थँक्स, मी माझं बघतो" म्हटलं तर कोणी मनाला लावून घेत नाही. न पिणाऱ्याला आग्रहही होत नाही. तुम्हीही करू नका.

७. बिल

बारवर ऑर्डर देणाऱ्या पबमध्ये पैसे आधीच भरायचे असतात, त्यामुळे प्रत्येकाने स्वतःचं जेवण टेबल नंबर सांगून मागवलं की शेवटचा हिशोबच उरत नाही. आधी पदार्थ कळवलेले असतील तर एकच बिल येतं. तेव्हा "समान भागा" म्हणू नका. मॅकरोनी आणि लाइम-सोडा घेणाऱ्या मुलीने स्टेक आणि तीन पाइंटवाल्याचं का भरायचं? तक्ता तुमच्याकडे आहेच, त्यावर किमती लिहून रात्रीच ग्रुपवर टाका. बहुतेक लोक तिथल्या तिथे फोनवरून पाठवतात.

पहिलं ड्रिंक तुमच्याकडून असेल तर बारवर कार्ड देऊन टॅब (शेवटी एकदम भरायचं खातं) उघडा आणि मर्यादा सांगा: "६० पौंडांपर्यंत." मर्यादा न सांगता टॅब उघडी ठेवायची म्हणजे कोण काय मागवतंय हे तुम्हाला शेवटीच कळणार.

टीप: बारवर ड्रिंक घेताना द्यायची गरज नाही. टेबलावर वाढलं असेल तर साधारण दहा टक्के. मोठ्या ग्रुपच्या बिलात बऱ्याचदा १०-१२.५ टक्के सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असतो, तो दिसला तर वेगळी टीप नको. तो ऐच्छिक असेल आणि सेवा वाईट मिळाली असेल, तर काढायला सांगता येतो. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून टीपचे आणि सर्व्हिस चार्जचे सगळे पैसे कर्मचाऱ्यांनाच द्यावेत असा कायदा आहे, त्यामुळे देताना हात आखडू नका. आणि डिपॉझिट वळतं झालंय ना, ते बिलावर बघा.

८. निघताना

शेवटच्या ऑर्डरसाठी घंटा वाजते किंवा कोणी ओरडून सांगतं. त्यानंतर ग्लास संपवायला थोडा वेळ देतात. सिगारेट ओढणाऱ्यांना बाहेरच जावं लागतं. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून आत बंदी आहे. गाडी आणलेल्याने एकही घेऊ नये, विशेषतः स्कॉटलंडमध्ये, जिथे मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम आहे. इंग्लंड-वेल्समध्ये ती ८० आहे. परतीची शेवटची बस-ट्रेन दुपारीच बघून ग्रुपवर टाका, कारण लहान गावांत शेवटची बस पब बंद होण्याच्या बरीच आधी जाते.

उरलेलं जेवण डब्यात मागा, बहुतेक ठिकाणी देतात. उरलेल्या केकचे दोन तुकडे बारमागच्या मंडळींना द्या. टेबल वाढवलं, फ्रिजमध्ये केक ठेवला, दोनदा चिप्स गरम करून आणले, ते त्यांनीच. पुढच्या वर्षी याच पबला फोन कराल तेव्हा बहुतेक त्यांच्यातलाच कोणीतरी तो उचलेल.